सांठवण वेगळी, मांडणी वेगळी

बँकेंतील एकाच खात्याची शिल्लक आज किती वेषांत प्रकट होते, याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. घरांतील मुलगा ती मोबाइलच्या पडद्यावर पाहतो, वडील पासबुकावर छापून आणतात, आई एटीएममधून निघालेल्या चिटोऱ्यावर वाचते, आणि परगांवीं असलेली मुलगी आपल्या संगणकावर इंग्रजींत पाहते. अक्षरांचा आकार निराळा, रंग निराळा, भाषाहि निराळी. परंतु रक्कम एकच. हें जें इतकें सहज वाटतें, तें आपोआप घडत नाहीं. ती रक्कम कोठेंतरी कोणताहि वेष न चढवितां जपून ठेवलेली असते, आणि तिला वेष चढविण्याचें काम दुसऱ्याच कोणाकडे सोंपविलेलें असतें, म्हणूनच तें घडतें. जतन करणारा आणि दाखविणारा यांची ही फारकत वेबवर चालणाऱ्या प्रोग्रामांच्या रचनेंतील एक मूलतत्त्व होय. तें न पाळल्यास काय होतें, आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

ही फारकत आपल्याकडील गृहिणींना मुळींच नवी नाहीं. कार्याच्या घरीं कोठीची खोली एकीकडे, चुली दुसरीकडे आणि पंगत तिसरीकडे असते. कोठींत तांदूळ हा तांदूळ म्हणूनच राहतो. त्याचा साधा भात करावयाचा, मसालेभात करावयाचा, कीं एखाद्या आजाऱ्यासाठीं पेज करावयाची, हें पानावर कोण बसणार तें कळल्यावर ठरतें. कोणी सोईसाठीं म्हणून सारा तांदूळ आधींच शिजवून कोठींत रचून ठेवला, तर पहिल्या पंगतीचें वाढप झटपट होईल खरें. परंतु दुसऱ्या दिवशीं काय वाढणार? तांदळाचा भात होतो, भाताचा तांदूळ होत नाहीं. संगणकाच्या कारभारांत पुष्कळ अनर्थ झाले आहेत ते भात कोठींत ठेवल्यामुळें.

वेबच्या आरंभीं हा प्रश्न फारसा नव्हता. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ मध्यें वेबची कल्पना मांडली. त्या पहिल्या काळांतील पान म्हणजे बहुधा एक लिहून ठेवलेली फाइल असे. वाचकानें ती मागावी आणि यंत्रानें जशीच्या तशी पाठवावी, एवढाच व्यवहार. १९९३ च्या सुमारास अशी सोय झाली कीं, मागणी येतांच एखादा प्रोग्राम चालावा आणि त्यानें पान तेथल्या तेथें तयार करून द्यावें. पुढें १९९५ मध्यें रासमुस लेरडोर्फ यांनीं पीएचपी या नांवानें प्रसिद्धीस आलेलें साधन लोकांना खुलें केलें. त्याचा मोठा गुण हा कीं, पानाच्या मजकुरांतच मधूनमधून आज्ञा लिहितां येत. ज्याला चार ओळी लिहितां आल्या त्याला चालतेंबोलतें पान करतां येऊं लागलें, आणि वेबचा प्रसार होण्यास याचें मोठेंच साहाय्य झालें. परंतु हाच गुण पुढें दोष ठरला. एकाच फाइलींत एक ओळ डेटाबेसला प्रश्न विचारी, दुसरी तक्त्याची रेघ ओढी, तिसरी हिशेब करी आणि चौथी त्या हिशेबाला रंग देई. कोठी, चूल आणि पंगत एकाच खोलींत आलीं.

एखाद्या गांवच्या सार्वजनिक वाचनालयाचा कारभार अशा रीतीनें वेबवर आणला आहे, अशी कल्पना करूं या. सभासदाला आपल्याकडील पुस्तकें दाखविणारें एक पान, ग्रंथपालाच्या टेबलावरचें दुसरें, कार्यकारी मंडळाच्या मासिक अहवालाचें तिसरें, आणि मुदत टळलेल्यांना मोबाइलवर स्मरणपत्र धाडणारा एक चौथा प्रोग्राम. पंधरा दिवसांनंतर रोज एक रुपया दंड, हा नियम या चारहि ठिकाणीं स्वतंत्रपणें लिहिलेला, आणि प्रत्येक ठिकाणीं तो तक्त्याच्या आखणींत विणून गेलेला. पुढें मंडळानें ठराव करून मुदत एकवीस दिवसांची केली. प्रोग्राम लिहिणारानें तीन ठिकाणीं दुरुस्ती केली, चौथें नजरेंतून सुटलें. मग एकोणिसाव्या दिवशीं सभासदाला घरचा पडदा सांगतो कीं, आपली कांहींच बाकी नाहीं. आणि त्याच क्षणीं मोबाइल वाजतो कीं, आपणांकडे चार रुपये दंड झाला आहे. चार रुपयांचें महत्त्व तें काय! परंतु एकच संस्था एकाच माणसाला एकाच वेळीं दोन सत्यें सांगूं लागली, कीं तिच्या शब्दावरचा विश्वास उडतो. वाचनालयाच्या जागीं पेन्शनची कचेरी कल्पावी, दंडाच्या जागीं औषधाची मात्रा कल्पावी, म्हणजे हें प्रकरण चार रुपयांचें नव्हे, हें ध्यानांत येईल.

विशेष हें कीं, या दुखण्याचें निदान वेबचा जन्म होण्यापूर्वींच झालेलें होतें. आय. बी. एम. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंतील एडगर कॉड यांनीं जून १९७० मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या सामाईक माहितीसंग्रहाचा उपयोग करणाराला ती माहिती यंत्राच्या पोटांत कशी रचली आहे हें जाणण्याची गरजच पडूं नये, असा त्यांचा आग्रह होता. माहिती साध्या तक्त्यांच्या रूपानें ओळखली जावी, आणि आंतली रचना बदलली तरी बाहेरचे प्रोग्राम मोडूं नयेत. आज प्रचारांत असलेले पुष्कळसे डेटाबेस याच विचारावर उभे आहेत, आणि या कार्यासाठीं कॉड यांना १९८१ मध्यें संगणकशास्त्रांतील ट्युरिंग पारितोषिक मिळालें.

कॉड यांनीं कोठीच्या बाजूनें भिंत घातली. पंगतीच्या बाजूनें ती घातली नॉर्वेच्या ट्रिग्वे रीन्स्काउग यांनीं. जहाजबांधणीच्या कामांत संगणकाचा उपयोग करण्यांत त्यांचीं पूर्वायुष्यांतील वर्षें गेलीं होतीं. अशा प्रचंड कामांत वस्तु एक आणि पाहणारे अनेक. पत्रे कापणाराला जहाज एका रूपांत हवें असतें, दिवसांचा हिशेब ठेवणाराला दुसऱ्या, आणि खर्च पाहणाराला तिसऱ्याच. १९७८-७९ मध्यें अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत पाहुणे म्हणून असतांना रीन्स्काउग यांनीं या प्रश्नावर टिपणें लिहिलीं, आणि डिसेंबर १९७९ च्या टिपणांत मॉडेल, व्ह्यू व कंट्रोलर हीं तीन नांवें ठरलीं. मॉडेल म्हणजे ज्या विषयाचा कारभार आहे त्याची संगणकांतील प्रतिकृति; व्ह्यू म्हणजे त्या प्रतिकृतीचें एखादें दर्शन; आणि कंट्रोलर म्हणजे वापरणाराच्या खुणा व आज्ञा आंत पोंचविणारा मध्यस्थ. दर्शनानें प्रतिकृतीला विचारावें. पण प्रतिकृतीला मात्र आपण कोणत्या पडद्यावर, कोणत्या रंगांत दिसत आहों, याची वार्ताहि नसावी. देवळांतील मूर्तीला जसें दर्शनाच्या रांगेंत कोण उभें आहे यावरून आपलें रूप पालटावें लागत नाहीं, तसेंच हें. रीन्स्काउग २०२४ मध्यें निवर्तले. परंतु त्यांनीं दिलेलीं तीन नांवें आज जगभर प्रोग्राम लिहिणारांच्या तोंडीं आहेत.

वेबवर हा विचार रुजला तो प्रामुख्यानें पुढील काळांत. २००४ मध्यें रुबी ऑन रेल्स आणि २००५ मध्यें जँगो, असे दोन सांगाडे लोकांपुढें आले. जँगोचा जन्म तर अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत लॉरेन्स या गांवच्या एका वृत्तपत्राच्या कचेरींत झाला. वृत्तपत्राला वेळ थोडा असतो. पानाची सजावट करणारा एक आणि माहितीची व्यवस्था लावणारा दुसरा, अशा दोघांनाहि एकाच वेळीं काम करतां आलें पाहिजे. दोघांची फाइल एकच असेल, तर एकाच्या हातानें दुसऱ्याचें काम बिघडतें. फारकतीचा हा दुसरा लाभ होय : ती केवळ माहितीमाहितींतील भिंत नव्हे, तर दोन कारागिरांनीं एकमेकांच्या पायांत न येतां काम करावें यासाठीं घातलेली ती मर्यादा आहे.

आतां कोणतें काम कोणाचें, हें ठरवावयाचें कसें? दर्शनानें कांहींच विचार करूं नये, असा याचा अर्थ पुष्कळ जण घेतात. तो बरोबर नव्हे. वाचनालयाच्या पानावर एकच पुस्तक असेल तर 'पुस्तक' लिहावें आणि दोन असतील तर 'पुस्तकें' लिहावें, हा विचार दर्शनाचाच. डेटाबेसला मराठी व्याकरणाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. उलट, पुस्तकाची मुदत टळली कीं नाहीं, हा निर्णय दर्शनाचा नव्हे. तो संस्थेच्या नियमाचा, आणि नियम एकाच जागीं असावा. मुदत टळलेल्या पुस्तकाचें नांव तांबड्या अक्षरांत दाखवावें, हें पुनः दर्शनाचें काम. या दोहोंचा घोळ झाला म्हणजे 'मुदत टळली' ही गोष्ट शब्दानें कोठेंच नोंदलेली नसते. ती फक्त रंगांत शिल्लक राहते. मग ज्याला रंग ओळखतां येत नाहीं, किंवा जो दृष्टिहीन असल्यामुळें मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रामवर अवलंबून आहे, त्याला ती गोष्ट कळणार कोठून? रंग ही सत्य सांगण्याची एक तऱ्हा आहे; रंग म्हणजेच सत्य, असें झालें तर कांहीं माणसें त्या सत्याला मुकतात.

याहून सूक्ष्म चूक घडते ती सांठवणींतच. तीन साधीं उदाहरणें पुरेशीं आहेत. पहिलें रकमेचें. एक लक्ष रुपये ही रक्कम आपण १,००,००० अशी लिहितों. इंग्लंडांत व अमेरिकेंत स्वल्पविराम तीन-तीन अंकांनीं पडतात. हे स्वल्पविराम वाचणाराच्या डोळ्यांसाठीं आहेत. ते रकमेबरोबर अक्षरें म्हणून सांठविले, तर यंत्र तिला संख्या मानीत नाहीं, शब्द मानतें. आणि शब्द म्हणून पाहिल्यास १००० हें ९०० च्या आधीं येतें, कारण पहिलेंच अक्षर १ हें ९ च्या आधीं आहे. शहाणा प्रोग्राम रक्कम नुसत्या पैशांच्या पूर्ण संख्येंत ठेवतो, आणि स्वल्पविराम व रुपयाचें चिन्ह पानावर वाढतांना घालतो. दुसरें उदाहरण तारखेचें. ०४-०५-१९ असें लिहून ठेवलें, तर ती ४ मे कीं ५ एप्रिल, आणि शतक कोणतें, हें लिहिणाराबरोबरच लुप्त होतें. म्हणून वर्ष, महिना, दिवस असा क्रम लावणारा आंतरराष्ट्रीय संकेत १९८८ मध्यें ठरविण्यांत आला. घडलेल्या घटनेची वेळहि एका जागतिक वेळेंत ठेवावी आणि भारतांतील वाचकाला दाखवितांना तींत साडेपांच तास मिळवावे, हा आतांचा रिवाज आहे.

तिसरें उदाहरण नांवाचें, आणि तें अधिक गंभीर आहे. रोमन लिपींत लिहितांना गोव्यांतील डिसोझा, डिमेलो अशा आडनांवांत पहिल्या अक्षरानंतर वर एक स्वल्पविराम येतो. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेंत हेंच चिन्ह मजकुराची हद्द दाखवितें. त्यामुळें निष्काळजीपणें लिहिलेला प्रोग्राम अशा नांवाशीं अडखळतो, आणि दुष्ट हेतूनें लिहिलेला मजकूर या फटींतून आंत शिरून साऱ्या सांठ्याची नासधूस करूं शकतो. यावर उपाय म्हणून पीएचपींत एके काळीं येणाऱ्या प्रत्येक मजकुरांतील अशा चिन्हांमागें आपोआप एक तिरपी रेघ लावली जाई. हेतु चांगला; परंतु पुष्कळदां ती रेघ नांवाबरोबरच सांठ्यांत जाऊन बसे, आणि माणसाचें नांव पत्रावर व पावतीवर रेघेसकट उमटे. अखेर २०१२ मध्यें ५.४ या आवृत्तींतून ही सोयच काढून टाकण्यांत आली. पान दाखविणाऱ्या बाजूलाहि असाच धोका आहे. वेबच्या पानांत कोनासारखें चिन्ह आलें कीं तेथून आज्ञा सुरू झाली, असें ब्राउझर समजतो. कोणी आपल्या नांवाच्या जागीं अशी आज्ञाच लिहून पाठविली, आणि ती जशीच्या तशी दुसऱ्याच्या पडद्यावर गेली, तर ती त्या दुसऱ्याच्या संगणकावर चालूं लागते. या दोन्हीं धोक्यांवरचा मार्ग एकच : सांठ्यांत नांव जसें आहे तसें, निर्भेळ ठेवावें, डेटाबेसकडे जातांना प्रश्न वेगळा व मजकूर वेगळा पाठवावा, आणि पानावर जातांना पानाला योग्य असें सोवळें त्याला नेसवावें. तेंच नांव पाकिटावर छापावयाचें झालें तर तेथले नियम निराळे, सोवळेंहि निराळें. दारावरचें सोवळें नेसवूनच नांव कोठींत ठेवलें, तर तें कायमचें विटाळतें.

या तत्त्वाचें सर्वांत बोलकें उदाहरण मात्र आपल्या लिपींतच घडलें आहे. १९९० नंतरच्या दशकांत आणि त्यापुढेंहि कांहीं वर्षें मराठी मजकूर वेबवर व छापखान्यांत ज्या रीतीनें चाले, ती अशी होती : संगणकाच्या इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे, म्हणजे काना, वेलांट्या, अर्धीं अक्षरें, बसविलेला एक फॉन्ट तयार करावयाचा. सांठ्यांत असत तीं इंग्रजी अक्षरें व चिन्हें; वर फॉन्टचा मुखवटा चढविला कीं वाचकाला मराठी दिसे. म्हणजे सांठविलें जाई तें मराठी नव्हेच, मराठीचें चित्र. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची घरें निराळीं, म्हणून एकाचा मजकूर दुसऱ्यांत उघडला कीं केवळ निरर्थक अक्षरांचा ढीग. शब्द शोधावा तर सांपडत नसे, अकारविल्हे यादी लावावी तर लागत नसे, आणि वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रामला तर त्यांत भाषाच दिसत नसे.

१९९१ मध्यें भारतीय मानकसंस्थेनें भारतीय लिप्यांसाठीं एक संकेत स्वीकारला, आणि त्याच वर्षीं युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ति देवनागरीसह प्रसिद्ध झाली. या दोहोंत ठेवलें जातें तें अक्षर; त्याचा आकार नव्हे. 'कि' हें अक्षर लिहितांना पहिली वेलांटी 'क' च्या आधीं काढावी लागते, परंतु उच्चारांत ती नंतर येते. युनिकोडमध्यें आधीं 'क' चा २३२५ हा अंक आणि नंतर पहिल्या वेलांटीचा २३६७ हा अंक ठेवतात. वेलांटी डावीकडे सरकविणें हें काम दाखविणाऱ्याचें. मराठी वळणाचा 'ल' आणि हिंदी वळणाचा 'ल' दिसावयास निराळे. पण सांठ्यांतील अंक दोहोंचा एकच, कारण अक्षर एकच आहे. शाळेच्या फळ्यावर मुलांना मात्रा, वेलांट्या शिकवितांना उच्चार आणि आकार यांतील जो भेद सहज सांगितला जातो, तोच येथें यंत्राला सांगितला गेला आहे. मुखवट्याच्या काळांत लिहिलेले संस्थांचे अहवाल, कथाकविता आणि जुन्या वेबपानांवरील लेख आजहि पुष्कळ ठिकाणीं पडून आहेत. ते युनिकोडमध्यें आणणारे प्रोग्राम आहेत. परंतु मूळ फॉन्ट कोणता, हें आधीं कळावें लागतें, आणि तें कळलें तरी जोडाक्षरांच्या चुका माणसानें बसून निपटाव्या लागतात. जेथें हें कोणी करणार नाहीं, तेथें तो मजकूर जिवंत असूनहि मुका आहे. दर्शन आणि सांठवण यांची गल्लत केल्याची किंमत येथें एका भाषेनें मोजली.

तथापि कोणत्याहि तत्त्वाचा अतिरेक होऊं नये. चार ओळींच्या प्रोग्रामासाठीं दहा फाइली आणि दहा भिंती उभारणारे उत्साही लोकहि आहेत. साधें एक नांव दाखवावयाचें तर त्यांना पांच दालनें ओलांडावीं लागतात. दोन माणसांच्या स्वयंपाकाला कोणी मांडव घालीत नाहीं. त्याचप्रमाणें वेळ वांचावा म्हणून तयार पान कांहीं काळ बाजूला ठेवणें, हेंहि गैर नाहीं; सकाळीं उरलेला भात दुपारीं फोडणी देऊन खाण्यांत दोष तो कसला? मूळ तांदूळ कोठींत सुरक्षित असावा, आणि तो भात टाकून दिला तरी कांहीं कायमचें नष्ट होऊं नये, एवढी दक्षता पुरेशी आहे.

घरांत कोणी हा व्यवसाय शिकत असेल, किंवा आपल्या संस्थेसाठीं कोणाकडून असा प्रोग्राम करून घ्यावयाचा असेल, तर दोन प्रश्न अवश्य विचारावे. सारे पडदे उद्यां नाहींसे झाले, तर नुसता सांठा वाचून कोणाचें काय देणें आहे, कोणाचें नांव काय, आणि काय केव्हां घडलें, हें निःसंशय सांगतां येईल काय? आणि नियम बदलला तर तो किती ठिकाणीं बदलावा लागेल? पहिल्याचें उत्तर 'होय' आणि दुसऱ्याचें 'एकाच' असें आलें, तर काम जाणत्याच्या हातीं आहे असें समजण्यास हरकत नाहीं. पडदे येतात आणि जातात. त्यांच्या मागें ठेवलेलीं माणसांचीं नांवें, त्यांचे हिशेब आणि त्यांची भाषा मात्र पुढील पिढीला जशींच्या तशीं मिळालीं पाहिजेत.